तुम्ही थांबवलेला एकच ठराव

भाऊ,

आपल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी तुमच्यावर लेख मागितला. जन्मगाव, शिक्षण, अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी, कितीदा निवडून आलात, हे सगळं त्यात यावं असं त्यांचं म्हणणं. ते काम मी तुमच्या पुतण्याला दिलं आहे. तो व्यवस्थित लिहील. मला तुमच्याशी बोलायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आणि तुम्ही गेलात. हे तुम्हाला शोभत नाही. सभेत मुद्दा अर्धा टाकून तुम्ही कधी खाली बसला नव्हतात.

हे छापून येणार, म्हणजे आपल्याला न ओळखणारेही वाचणार. त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी मला मधे मधे सांगाव्या लागतील. चालवून घ्या.

आपल्या नगरपालिकेच्या स्थायी समितीत विरोधी पक्षाचे आपण दोघंच. खर्चाचा प्रत्येक विषय या समितीपुढे येतो आणि मंजूर होतो. तुम्ही उठून म्हणायचं, "माझा विरोध नोंदवा." मी शेजारून म्हणायचं, "अनुमोदन." मग अध्यक्ष सचिवांकडे बघून मान हलवायचे, सचिव लिहून घ्यायचे आणि गाडी पुढे जायची.

मी बायकांच्या राखीव वॉर्डातून आले होते. गिरणी चालवणारी बाई, मला दळणाचा हिशोब कळायचा, ठरावाची भाषा कळत नव्हती. पहिल्याच सभेनंतर मी तुम्हाला विचारलं, तुमच्या विरोधाने काही थांबतं का? तुम्ही म्हणालात, नाही. मग कशाला करता? तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "उद्या कोणी विचारलं, तर हे आपण सगळ्यांनी मिळून केलं असं त्यांना म्हणता येऊ नये, ताई. एवढंच."

मला ते तेव्हा पटलं नाही. एवढ्यासाठी माणूस दर सभेला उठून उभा राहतो? पण मी अनुमोदन देत राहिले, कारण दुसरं कोणी देणारं नव्हतं, आणि तुमचा मुद्दा बहुतेक वेळा बरोबर असायचा.

आपलं पटायचं असंही नाही. विरोधकांच्या वॉर्डात कामं निघत नाहीत हा अलिखित नियम. माझ्या वॉर्डातल्या बायका अंधारात संडासला जायच्या. मी सरळ अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले, दोन गोड शब्द बोलले आणि खांबांवर दिवे लावून घेतले. त्यानंतर तुम्ही काही दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होतात. मग एका सभेआधी हळूच म्हणालात, "दिवे चांगले लागलेत. मी रात्री मुद्दाम तिकडून आलो." तुमची माफी मागायची पद्धत ती. मला चालायची.

आता चहाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या चहाशी अडलं आहे. सभेचे विषय छापून घरी येतात. ते वाचता येतात, त्यांच्यावर तयारी करता येते. जे विषय कोणी वाचू नयेत असं वाटतं, ते छापतच नाहीत. ते शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने येतात. त्यांना आयत्या वेळचे विषय म्हणतात. आपल्याकडे ते चहानंतर यायचे. छापील विषय संपले की बटाटेवडे आणि चहा. वडे खाऊन निम्मी मंडळी उठून जायची, कोणी व्हरांड्यात सिगरेट ओढायला, कोणी थेट घरी. हजेरीची सही सुरुवातीलाच झालेली असायची, त्यामुळे कागदावर सगळे हजर. उरलेले तीन-चार जण आणि अध्यक्ष. सचिव विषयाचं नुसतं शीर्षक वाचायचे आणि मंजूर.

तुम्ही मात्र चहाचा कप बाजूला सारून ताठ बसायचात. सत्ताधाऱ्यांमधले परसराम शेठ, उल्हासनगरला कापडाचं दुकान असलेले, तुम्हाला चिडवायचे, "भाऊ, पहले चाय पियो. विरोध कहाँ भागके जाता है?" तुम्ही हसून चहा प्यायचात आणि मग विरोध करायचात. शेठही हसायचे. विरोध कुठे पळून जात नव्हता हे खरं होतं. तो कुठे पोहोचतही नव्हता.

खाणवस्तीचा विषय मार्चच्या सभेत असाच चहानंतर आला.

खाणवस्ती म्हणजे जुन्या दगडखाणीच्या कडेला वसलेली घरं. निम्मी तुमच्या बौद्ध समाजाची, निम्मी कोकणातून आलेल्यांची. बारवी धरणाचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन निघतं आणि या वस्तीत पोहोचण्याआधी त्याचा पाइप नाल्यातून जातो. पाइप गंजलेला, नाल्यात कंपन्यांचं आणि संडासाचं सगळंच. नळाला पाणी तास-दीड तास, बाकी वेळ पाइप रिकामा. रिकामा पाइप नाल्यातलं ओढून घेतो हे सांगायला इंजिनियर लागत नाही. नवा पाइप नाल्याच्या वरून टाका ही मागणी तुमचीच. किती वर्षं तुम्ही ती मांडत होतात. वस्तीतल्या कमलबाईच्या ओट्यावर बसून तुम्ही बायकांना शब्द दिला होता. कमलबाई उल्हासनगरहून जीन्सचे गठ्ठे आणून घरी धागे कापायची. कात्री थांबवून ती म्हणाली होती, "भाऊ, शब्द नको. पाइप द्या."

तर तो पाइप आला. निविदा न काढता, तातडीची बाब म्हणून, अध्यक्षांच्या मेहुण्याला. याच मेहुण्याने बांधलेली गटारं आधीच्या पावसाळ्यात आडवी झाली होती. सचिवांनी शीर्षक वाचलं आणि मी तुमच्याकडे बघितलं. तुमचा चेहरा मला आजही दिसतो. ज्या गोष्टीची माणूस वर्षानुवर्षं वाट बघतो, ती कोणी घाणेरड्या हाताने पुढे केली तर असाच होईल.

मी कानाशी म्हणाले, विरोध नोंदवा आणि होऊ द्या. पाइप तर पडू दे.

तुम्ही उठलात. विरोध नोंदवला नाही. खोलीत एकदा नजर फिरवलीत आणि म्हणालात, "अध्यक्ष महाराज, गणपूर्ती नाही."

सभा चालायला निम्मे सभासद लागतात. नव्हते. वडे खाऊन गेले होते. इतकी वर्षं चहानंतर कधीच नसायचे, पण ते कोणी बोलून दाखवायचं नाही असा एक अलिखित समझोता होता. तो तुम्ही मोडलात. अध्यक्षांना सभा तहकूब करावी लागली. ते लाल झाले होते. परसराम शेठ पुटपुटले, "ये क्या किया, भाऊ."

बाहेर आल्यावर तुम्ही जिलबी घेतलीत. मी तुम्हाला गोड खाताना त्याआधी बघितलं नव्हतं. तुम्ही लहान मुलासारखे खूश होतात. म्हणालात, मेहुण्याच्या पाइपाचे जोड पहिल्या पावसात सुटले असते; एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी थांबलं. आता पुढच्या सभेत निविदा मागायला लावू, महिन्यात नीट माणूस मिळेल, पावसाच्या आत पाइप पडेल. मलाही ते खरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मीही जिलबी खाल्ली.

तहकूब सभा व्हायच्या आत लोकसभेची निवडणूक लागली. आचारसंहिता आली. नवीन खर्चाचा विषय घेता येईना. निवडणूक संपेपर्यंत पाऊस आला, आणि पावसात खोदकाम करायचं नाही असा नियम. नियम म्हणजे नियम. तो तुम्हीच सगळ्यांना सांगत आला होतात.

कमलबाईची लेक सुनंदा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. श्रावणात वस्तीत कावीळ पसरली. पुरुषांना झाली, पोरांना झाली, बहुतेक बरे झाले. सुनंदा बरी झाली नाही. पोटुशी बाईला ही कावीळ झेपत नाही असं डॉक्टर म्हणाले. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून मुंबईला हलवायचं ठरत होतं, तेवढ्यात ती गेली. बाळही गेलं.

अध्यक्षांनी एक वाक्य बोलून सोडून दिलं. आम्ही पाइप मंजूर करायला बसलो होतो, भाऊंनी अडवला. ते वाक्य मग आपोआप फिरत राहिलं. चहाच्या टपरीवर, रेशनच्या दुकानात, माझ्या गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायकांच्या तोंडी. मी त्यांना मेहुण्याचं सांगायचे, निविदेचं सांगायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, पण पाइप तर आला असता ना.

तुम्ही कोणाला काहीच सांगितलं नाहीत. मला म्हणालात, कमलबाईकडे जायचं आहे, येता का.

तिच्या घरात जीन्सचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवले होते. काम बंद होतं. आपण खाली बसलो. कमलबाई आत गेली, माठातून दोन पेले पाणी घेऊन आली आणि आपल्या समोर ठेवलं. आल्यागेल्याला पाणी द्यायचं, ते तिने दिलं. त्यात दुसरं काही होतं की नव्हतं, ते मला माहीत नाही. तुम्ही पेला उचललात आणि पूर्ण प्यायलात. मी माझ्या पेल्याला हात लावला नाही. मी आजही लावणार नाही. घरी मला दोन मुलं आहेत आणि ते पाणी कसलं आहे हे मला माहीत होतं.

परत येताना पाऊस उघडला होता. रेल्वे फाटकापाशी तुम्ही थांबलात आणि विचारलंत, "ताई, माझं चुकलं का?"

मी म्हटलं, हो.

तुम्ही वाट बघितलीत. मी पुढे सांगितलं, विरोध लिहून ठेवायचा होता आणि काम होऊ द्यायचं होतं. चोराच्या हातचा का होईना, पाइप हा पाइप असतो. तुम्ही मान हलवलीत. फाटक उघडलं आणि आपण आपापल्या वाटेने गेलो. काही लोक म्हणतील की त्या वेळी मी असं बोलायला नको होतं. तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं. तुम्हाला खोटं उत्तर हवं असतं तर तुम्ही परसराम शेठना विचारलं असतंत.

दिवाळीनंतर तो विषय पुन्हा आला. तोच पाइप, तोच मेहुणा, या वेळी छापील विषयात, कारण आता लपवायची गरज उरली नव्हती. काविळीने गेलेल्या बाईचं नाव घेऊन अध्यक्ष भाषण करत होते. आता पावसाळा लांब होता, निविदा काढायला वेळ होता, नीट काम करून घेता आलं असतं. विरोध करायची वेळ असेल तर ती हीच. तुम्ही उठाल म्हणून मी थांबले. तुम्ही टेबलाकडे बघत होतात. शेवटी मीच उठले आणि निविदा मागवण्याची दुरुस्ती मांडली. सचिवांनी विचारलं, अनुमोदक? मी तुमच्याकडे बघितलं. सगळेच बघत होते. तुम्ही मान वर केली नाही. अनुमोदन नसलेली दुरुस्ती चर्चेलाही येत नाही. माझी आली नाही, आणि नुसता विरोध मी नोंदवला नव्हता. ठराव सर्वानुमते मंजूर, असं लिहिलं गेलं.

पाइप पडला. नाल्याच्या वरून नाही, नाल्याच्याच कडेने, जुन्याच्या शेजारी. पत्रा इतका पातळ की पहिल्या पावसात जोड सुटले. तुम्ही मार्चमध्ये जे म्हणत होतात ते शब्दाला शब्द खरं झालं.

त्यावरून आपलं भांडण झालं. नगरपालिकेच्या आवारात, उभ्या उभ्या. मी म्हणाले, भाऊ, नको तिथे उभे राहिलात आणि हवं तिथे बसून राहिलात. लोक येता जाता बघत होते. मी आवाज कमी केला नाही. एकट्या बाईला तोंडघशी पाडलंत, असंही म्हणाले.

तुम्ही चिडला नाहीत. चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "ताई, तुम्ही त्या घरात पाणी प्यायला नव्हतात."

आणि निघून गेलात. तेव्हापासून मी याचं उत्तर शोधते आहे. सभेत आपण नंतरही शेजारी बसलो. तुम्ही पुन्हा विरोध करायला लागलात, मी अनुमोदन देत राहिले, पण त्या विषयावर तुम्ही बोलला नाहीत आणि मीही काढला नाही. तुमची तब्येत उतरत गेली. दवाखान्यात भेटायला आले तेव्हा आपण पंख्याबद्दल बोललो. तो आवाज करतो, बदलून घ्यायला हवा. तुमच्या सुनेने मोसंबी सोलून दिली. मी उठले तेव्हा तुम्ही म्हणालात, छापील विषय वाचून जात जा. मी म्हटलं, जाते.

माझं उत्तर असं आहे. हो, मी पाणी प्यायले नाही. म्हणूनच मला दिवाळीनंतरच्या सभेत उभं राहता आलं. तुम्ही प्यायलात आणि तुमचे पाय गेले. त्या घरातलं दुःख तुम्ही समितीत घेऊन आलात, आणि तिथे त्याचा फायदा अध्यक्षांना झाला, कमलबाईला नाही. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, म्हणजे तुम्ही मला खोडून काढलं असतंत. तुमच्याकडे नक्की काहीतरी असणार. दुसरीही एक गोष्ट आहे. तो पेला तुम्ही उचललात तेव्हा मी मनात म्हणाले होते की हा माणूस मूर्ख आहे, आणि याच्याइतका सरळ माणूस मला पुन्हा भेटणार नाही. दोन्ही एकदमच म्हणाले होते. आजही दोन्ही तसंच आहे.

तुमच्या जलदान विधीला कमलबाई आली होती. मला वाटलं नव्हतं ती येईल. भन्तेजी बोलत होते, तुमचा मुलगा वाटीत पाणी ओतत होता, आणि ती मागे, बायकांच्या शेवटच्या रांगेत बसली होती. नंतर जेवायला न थांबता निघाली. मी तिला दारात गाठलं आणि विचारलं, पाणी कसं येतं आता?

ती म्हणाली, "तसंच." चप्पल पायात घालताना ती सांगत होती, जास्त करून स्वतःलाच. "आधी मी म्हणायची, भाऊंनी अडवलं म्हणून माझी पोर गेली. सगळ्यांना सांगायची. मग पाइप आला, तरी पाणी तसंच आलं. आता कोणाला म्हणू? बाकीचे तर कोणी घरी पण नाही आले."

तिने तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. ती तसं म्हणाली नाही. ती आली होती, एवढंच.

गेल्या मंगळवारी समितीची सभा झाली. तुमच्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. भाऊंनी विकासाच्या कामात नेहमीच सहकार्य केलं, असं अध्यक्ष म्हणाले. परसराम शेठनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मग छापील विषय झाले. मी ते वाचून गेले होते. मग वडे आले, चहा आला, माणसं उठली. त्यानंतर सचिवांनी आयत्या वेळचा विषय वाचला. खाणवस्तीच्या पाइपलाइनची तातडीची दुरुस्ती. तोच मेहुणा.

मी खोलीत नजर फिरवली. हवी होती त्यापेक्षा दोन माणसं कमी होती. अध्यक्षांनाही ते दिसलं, कारण ते माझ्याकडेच बघत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. दोन शब्दांचं काम होतं. पावसाळा तोंडावर आहे, भाऊ. वस्तीत या महिन्यातही दोन सुना बाळंतपणाला माहेरी आलेल्या आहेत, मी चौकशी केली होती.

मी शिपायाला सांगितलं, व्हरांड्यात जे उभे आहेत त्यांना आत बोलाव, अध्यक्षांना गणपूर्ती हवी आहे. ते आले, तोंडं वाकडी करून बसले. मग मी उठून विरोध केला. निविदा मागवा अशी दुरुस्ती मांडली. सचिवांनी विचारलं, अनुमोदक? आणि लगेच कागदाकडे बघायला लागले, कारण त्यांनाही आठवलं. दुरुस्ती पडली. विषय मंजूर झाला. माझा विरोध लिहून घेतला.

फाटकापाशी तुम्हाला जे सांगितलं होतं तेच मी केलं. जोड बसवले जातील. कसे बसतील आणि किती टिकतील, ते मला माहीत आहे. या पावसाळ्यात कोणाचं काही झालं तर त्या खोलीत सभा भरवून देणारी मी होते, हेही मला माहीत आहे.

सभा संपल्यावर मी आवारात आले. आपण जिथे भांडलो होतो तिथे दोन स्कूटर लावलेल्या होत्या. तुम्ही असतात तर पायऱ्या उतरत येऊन मला गाठलं असतंत. त्या चोरांची सभा तुम्ही का भरवून दिलीत, ताई, असं विचारलं असतंत. माझ्याकडे उत्तर तयार होतं, मुद्द्याला धरून, तुमच्याच पद्धतीचं. मी ते घेऊन थोडा वेळ उभी राहिले. सभासद एक एक करत बाहेर पडले, नमस्कार करून गेले.

कोणी विचारलं नाही.

मंगल